भानीबायची बाजारातली जागा

गेल्या नऊ वर्षांत माझा एकही पेशंट बरा झालेला नाही, तरी मला कुणी कामावरून काढलेलं नाही. डॉक्टरकीत अशी नोकरी शोधून सापडायची नाही. "तुमच्या हाताला गुण आहे हो," असं मला कुणी म्हणत नाही, आणि म्हटलंच तर मी जरा बिचकते.

कॅन्सर अंगभर पसरलेला असतो. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात किमो झालेली असते, रेडिएशनचा शेक झालेला असतो, आणि एके दिवशी जाडजूड फाइल हातात देऊन "आता घरी न्या, हवं ते खाऊ द्या" असं सांगितलेलं असतं. तिथून पुढे आमची हद्द सुरू होते. डहाणू आणि तलासरी असे दोन तालुके, एक जुनी जीप, मी आणि वंदना सिस्टर. जीप वंदनाच चालवते. ती तलासरीकडची. घरी वारली बोलते, सीमेवरच्या दुकानदारांशी गुजराती, माझ्याशी मराठी, आणि रागावते तिन्ही भाषांत. सरकारी कागदावर आमच्या कामाला उपशामक सेवा म्हणतात. पाड्यांवरचे लोक "दुखण्याची गाडी" म्हणतात. मला तेच नाव जास्त खरं वाटतं.

आम्ही करतो ते सांगायला साधं आहे. दुखणं थांबवायचं, जखमेचा वास घालवायचा, उलटी थांबवायची, पोट साफ ठेवायचं, घरच्यांना कूस बदलायला शिकवायची. दुखण्यावर मॉर्फिन देतो. मॉर्फिन म्हटलं की लोकांना अफू आठवते. मग ती गोळी कपाटात कुलपात जाते आणि पेशंट ओरडायला लागल्यावरच बाहेर येते. खरं तर ती घड्याळ लावून द्यायची असते, दुखायच्या आधी. एवढं एक वाक्य पटवून देण्यात माझी नऊ वर्षं गेली आहेत.

त्याआधी तीस वर्षं मी भूलतज्ज्ञ होते. पेशंटशी माझं बोलणं तीन वाक्यांचं. काल रात्रीपासून काही खाल्लं नाही ना? दात खरे आहेत की कवळी? घाबरू नका, काही होणार नाही. तेवढ्यात तो झोपायचा. जागा पेशंट म्हणजे माझ्या दृष्टीने अर्धवट राहिलेलं काम. निवृत्त झाल्यावर दुखण्याचं ज्ञान आहे म्हणून या कामात आले, आणि आयुष्यात पहिल्यांदा टक्क जाग्या माणसांसमोर बसायची वेळ आली. ती माणसं प्रश्न विचारतात, आणि उत्तर येईपर्यंत तोंडाकडे बघत राहतात.

माझी पहिली शिकवणी वेवजीच्या जान्याबाबांनी घेतली. खांद्याच्या हाडात कॅन्सर. पुस्तकात लिहिलंय की पेशंटला विचारावं, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही, तर तुमचं किती? मी विचारलं. बाबा अंगणात खाटेवर बसले होते. बराच विचार करून त्यांनी मला विचारलं, "दहा कसले, बाय?"

"दुखण्याचे."

त्यांनी मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाले, "तूच सांग किती. मी हो म्हनतो."

वंदना त्यांच्या शेजारी उकिडवी बसली आणि वारलीत विचारलं, दुखण्यामुळे काय करता येत नाही? बाबांनी समोर वाळत घातलेल्या भाताकडे बोट दाखवलं. त्याची राखण त्यांच्याकडे होती. कोंबडी यायची, दाणे टिपायची, आणि काठी उचलायला हात वर जात नव्हता. दहा दिवस औषध दिल्यावर आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा बाबा कोंबडीला शिव्या घालत काठी आपटत होते. मी फाइलमध्ये लिहिलं, "कोंबडी हाकलली." पुढे फायली तपासायला आलेल्या साहेबांनी हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, दुखण्याचं मोजमाप. त्यांनी सही केली.

त्या दिवसापासून मी आकडे विचारणं सोडलं आणि कामं विचारू लागले. आपण आता फार शहाणे झालो असंही मला वाटू लागलं. मग नरपडच्या भानीबाय भेटल्या.

नरपडच्या रस्त्यावर चिकूच्या वाडीपाशी एक वळण आहे. तिथे त्यांचा मुलगा रमेश आमची वाट बघत उभा होता. डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात कामाला, तिशीतला, इस्त्रीचा शर्ट. जीप थांबवून तो म्हणाला, "मॅडम, एक रिक्वेस्ट होती. आईला काही सांगू नका. तिला फक्त गाठ आहे एवढंच माहीत आहे. तो शब्द आमच्या घरात काढायचा नाही."

हा मुलगा मला प्रत्येक घराच्या आधी भेटतो. तलासरीत तो झाडाखाली उभा असतो, डहाणूत बिल्डिंगच्या जिन्यात. कधी तो नवरा असतो, कधी जावई. वंदना आणि मी त्याला "वळणावरचा मुलगा" म्हणतो. त्याच्या मनात काळं काही नसतं. आईवर आभाळ कोसळू नये म्हणून तो दोन्ही हात वर करून उभा असतो. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "बरं." कॅन्सरच्या हॉस्पिटलात बारा दिवस राहून आलेल्या बाईला कॅन्सर माहीत नाही, असं रमेश धरून चालला होता. मीही धरून चालले.

भानीबाय पन्नाशीच्या. हाडाने मोठ्या, आवाजाने त्याहून मोठ्या. नारळी पुनव होऊन होड्या नुकत्याच समुद्रात गेल्या होत्या. घरापुढच्या बोंबील सुकवायच्या बांबूच्या काठ्या अजून रिकाम्या होत्या. त्यांच्या डाव्या छातीत गाठ होती, ती फुटून मोठी जखम झाली होती. वर्षभर त्यांनी ती पदराखाली लपवली. कॅन्सर पाठीच्या दोन मणक्यांत उतरला होता, त्यामुळे बसलं की कळ यायची. सून निर्मला दाराशी उभी होती. बारीक चणीची, विचारल्याशिवाय न बोलणारी, आणि विचारल्यावर इतकं हळू बोलणारी की दोनदा विचारावं लागे.

आम्ही जखम मिठाच्या कोमट पाण्याने भिजवून जुनी पट्टी सोडवली. वासासाठी एक साधीच गोळी असते, ती कुटून तिची पूड जखमेवर टाकायची. निर्मलाने ते एकदा बघितलं आणि दुसऱ्या वेळी स्वतः केलं. मॉर्फिन सुरू केलं. निघताना भानीबायनी मला थांबवलं.

"डॉक्टरीण, एक सांग. बाजारात माझी पाटी पालथी घालून ठेवलीय. ठेवू का उचलायला सांगू?"

त्या डहाणू रोडला गाडीत चढून वाणगावला उतरायच्या आणि बाजारात मासळी विकायच्या, हे मला माहीत होतं. त्यांची टोपली तिथे राहिली असेल, एवढाच अर्थ मी घेतला. आणि तीस वर्षांची सवय तोंडात तयारच होती. "असू द्या की! काही होत नाही. दिवाळीच्या बाजाराला तुम्ही तिथे बसलेल्या असाल."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. तू सांगतेस तर ठेवते."

दुखणं दोन आठवड्यांत आटोक्यात आलं. भानीबाय झोपू लागल्या, जेवू लागल्या, निर्मलाला कालवणात आंबट कमी पडलं म्हणून ओरडू लागल्या. मी फाइलमध्ये हे सगळं कौतुकाने लिहीत होते. वजन मात्र उतरत होतं, आणि जखम कडेने वाढत होती. ते मीही बघत होते आणि त्याही. आम्ही दोघी हवापाण्याच्या गप्पा मारायचो.

पाच आठवडे असेच गेले. एकदा वाणगावकडच्या एका पेशंटला बघून येताना बाजाराचा दिवस होता, म्हणून वंदनाने मिरच्या घ्यायला जीप थांबवली. मासळीवाल्यांच्या ओळीत शिरले तर मधोमध एक जागा मोकळी. तिथे एक बांबूची पाटी पालथी घातलेली. उजव्या बाजूची बाई आपला मासळीचा क्रेट त्या पाटीला टेकवून हळूहळू आत सरकवत होती आणि डावीकडची म्हातारी तो पायाने मागे लोटत होती. म्हातारीने मला बघितलं आणि एकदम उभी राहिली.

"तूच ना गो भानीची डॉक्टरीण? दुखन्याच्या गाडीतली?"

मी हो म्हटलं. तिचं नाव काशीबाई. पंचवीस वर्षं भानीबायच्या शेजारी बसलेली.

"मग सांग या दमयंतीला! भानी दिवाळीला येनार हाय ना? तू सांगितलंस म्हनून आम्ही जागा राखून ठेवलीय."

दमयंती म्हणजे उजवीकडची. ती म्हणाली, "किती बाजार राखायची? माझी पोरगी कुठं बसवू मी?"

मग काशीबाईंनी मला समजावलं. पुढचं आमच्या कोणत्याच पुस्तकात नाही. बाजारातल्या या जागांचा कागद नसतो. सासूची जागा सुनेला जाते, आईची लेकीला. पण ती आपोआप जात नाही. जिची जागा आहे तिने स्वतः यायचं, सुनेला शेजारी बसवायचं, एक अख्खा बाजार तिच्या हातून विक्री करवायची. ओळीतल्या बायकांनी आणि गिऱ्हाइकांनी ते डोळ्यांनी बघायचं. मग ती जागा सुनेची. बाई आजारी असेल आणि परत येणार असेल, तर पाटी पालथी घालून ठेवतात, कुणी तिथे बसत नाही. परत येणार नसेल तर तिने वेळेवर उठून सुनेला बसवून जायचं. न बसवता गेली, तर जागा ओळीची. ज्याचा जोर जास्त, तो बसतो.

"भानीच्या सुनेला इथं कोनी बघितलेलं पन नाय," काशीबाई म्हणाल्या. "भानी गेली तर त्या पोरीला कोन बसू देईल?"

मी मिरच्या न घेताच जीपमध्ये येऊन बसले. भानीबायनी मला पाटीचं विचारलंच नव्हतं. आपण परत बाजारात जाणार की नाही, हे त्यांनी विचारलं होतं. आणि मी, दोन शब्दांत, भूल दिली होती. पाच बाजार त्यांनी माझ्या शब्दावर घालवले. तेव्हा त्यांच्या अंगात आतापेक्षा ताकद होती. त्या पाच बाजारांत त्या निर्मलाला घेऊन बसू शकल्या असत्या, सगळं शिकवू शकल्या असत्या. माझ्या डॉक्टरकीत औषधाच्या चुका झाल्या आहेत, त्या निस्तरताही आल्या आहेत. ही चूक बोलण्याची होती आणि ती निस्तरायला हातात दिवस थोडे होते. वंदनाला मी हे सांगितलं. तिने जीप वळवली आणि मला न विचारता नरपडचा रस्ता धरला.

रमेशला फोन केला होता. तो वळणावर उभाच होता.

"सांगायचं नाही म्हणजे नाही," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलंत आणि त्या धक्क्याने ती आजच गेली तर? भरून देणार आहात?"

"मी आपणहून काही सांगणार नाही, रमेश. पण त्यांनी विचारलं तर यापुढे मी खोटं बोलणार नाही. ते तुम्हाला चालत नसेल तर दुसरा डॉक्टर शोधा."

दुसरा डॉक्टर दोन तालुक्यांत नव्हता. हे त्याला माहीत होतं आणि मलाही, म्हणजे मी बऱ्यापैकी दांडगाई केली. तो आमच्या मागून घरी आला आणि ओट्यावरच थांबला.

वंदना पट्टी सोडत होती. भानीबाय आढ्याकडे बघत पडल्या होत्या. मी शेजारी बसले आणि म्हटलं, "आज वाणगावला गेले होते. तुमची पाटी बघितली."

वंदनाने पट्टी काढली आणि वास आला. पूड टाकूनही हल्ली तो थोडा यायचा.

"आला ना वास?" भानीबाय म्हणाल्या. "डॉक्टरीण, तीस वर्सं मी मासली विकते. ताजं काय आनि नासलेलं काय, ते मना नाकानं कलतं, बघावं पन लागत नाय. माझ्या अंगाला काय झालंय ते मना तुझ्या आधीपासून ठाव हाय. तरी तुना इचारलं. का? तर तू शिकलेली. म्हटलं, हिला काय जास्त दिसत असंल. आनि तू काय बोललीस? दिवालीला बसशील." त्यांनी दम घेतला. "गिऱ्हाइकाला मी कधी नासकी मासली ताजी म्हनून नाय दिली. तू मना दिलीस."

अडतीस-एकोणचाळीस वर्षांच्या डॉक्टरकीत मला कुणी असं बोललेलं नव्हतं. ऑपरेशन थिएटरात सर्जन आरडाओरडा करायचे, पण ते मनाला लागत नसे. हे लागलं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "आता विचारा. खरं सांगते."

"किती?"

"आठवडे. महिने नाहीत. तीन, फार तर पाच. नेमकं मला सांगता येत नाही, कुणालाच येत नाही."

त्यांनी डोळे मिटले. बाहेर ओट्यावर रमेश रडायला लागला, ते आत ऐकू आलं. भानीबायनी डोळे न उघडताच हाक मारली.

"रमेश, आत ये. मी मरनार, ते मना ठाव, तुना ठाव, या शिष्टरला ठाव. मग लपवतोस कोनापासून? शेजाऱ्यांपासून? त्यांनी कवाच वलखलंय." तो येऊन पायाशी बसला. त्याच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "रडायला नंतर बसू. डॉक्टरीण, तू माझे पाच बाजार घालवलेस. मना एक बाजार बसव."

आता खरं काम सुरू झालं, आणि ते सोपं नव्हतं. मणके पोखरलेले. नरपड ते वाणगाव रस्त्याला खड्डे. एक जोराचा दणका बसला आणि मणका पिचला, तर दोन्ही पाय जाऊ शकत होते. मुंबईच्या माझ्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, अशा पेशंटला तुम्ही बाजारात बसवणार? सुनेला फोनवरून काय ते शिकवू दे." मी त्यांचे आभार मानून फोन ठेवला. पायांचं भानीबायना स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाय ऱ्हायले तर घेऊन जानार हाय का कुठं?"

आम्ही बसण्याचा सराव सुरू केला. पहिल्या दिवशी ओट्यावर दहा मिनिटं. कळ आली, झोपवलं, औषध वाढवलं. औषध वाढवलं की गुंगी येते, आणि गुंगीत मासळी विकता येत नाही. भानीबायना दुखणं नको होतं आणि डोकंही जागेवर हवं होतं. मॉर्फिन कमी-जास्त करत, जोडीला दुसरं औषध देत, मी आठ दिवस त्या दोन काठांच्या मधली वाट शोधत होते. आयुष्यभर मी माणसांना झोपवलं. एका माणसाला नीट जागं ठेवण्यासाठी एवढे कष्ट कधी घेतले नव्हते. गोळ्यांच्या वेळा निर्मलाने घरातल्या कामांना बांधून टाकल्या. नळाला पाणी आलं की एक, जेवणं झाली की एक. एकही चुकली नाही.

मी खुर्ची सुचवली. भानीबाय म्हणाल्या, "खुर्चीवर बसून मासली कोन विकतं? कलेक्टर?" शेवटी खाली जाड पाट, पाठीला गोधडी गुंडाळलेला रिकामा क्रेट, असं ठरलं. दहाचे वीस झाले, विसाचा तास झाला. बसल्या बसल्या त्या निर्मलाला शिकवायच्या. वाटा कसा लावायचा, मोठी मासळी वर कशी दिसली पाहिजे, कुठल्या गिऱ्हाइकाला आधी हसायचं आणि कुणाकडे बघायचंसुद्धा नाही. निर्मला सगळं भराभर उचलत होती. कोयता तर तिचा सासूपेक्षा चांगला चालायचा. पण भानीबाय एकदा मला हळूच म्हणाल्या, "हात हाय गो पोरीला. आवाज नाय. बाजारात आवाज नसंल तर बाई तीन आठवडे टिकत नाय." त्यावर माझ्याकडे गोळी नव्हती.

पुढचं सांगण्याआधी शेवट सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहणार नाही. भानीबायचे पाय शेवटपर्यंत चालले. बाजारानंतर सोळा दिवसांनी, दिवाळीच्या आधी, त्या घरातच वारल्या. भर दुपारी, रमेशच्या मांडीवर डोकं ठेवून. दुखणं नव्हतं. मी अर्धा तास उशिरा पोचले. जखम स्वच्छ होती, अंगावर धुतलेलं लुगडं होतं आणि निर्मलाने शेवटची गोळी दिल्याची वेळ कागदावर लिहून ठेवली होती. मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आमच्या कामात याच्यापेक्षा चांगला निकाल नसतो.

तेव्हापासून मी नव्या पेशंटकडे गेले की दुखण्याच्याही आधी विचारते, "तुमच्या हातून कुठलं काम व्हायचं राहिलंय?" वळणावरचा मुलगा अजूनही भेटतो. त्याला मी आता "बरं" म्हणत नाही. जीपमधून उतरते, त्याच्याबरोबर तिथेच बसते, आणि आम्ही दोघं आत जायला तयार होईपर्यंत उठत नाही. कधी एक तास जातो. वंदना हॉर्न वाजवते.

तर बाजाराचा दिवस. सकाळी निघालो. रमेशने सुट्टी घेतली होती. जीपमध्ये तो आईच्या मागे बसला, पाय पसरून, आणि तिची पाठ आपल्या छातीशी धरून ठेवली. खड्डा आला की तो स्वतः उचलला जायचा आणि आईला हलू द्यायचा नाही. वंदनाने आयुष्यात एवढी हळू गाडी चालवलेली नाही. मागून रिक्षावाले शिव्या देत होते आणि ती तिन्ही भाषांत परतफेड करत होती.

काशीबाईंनी जागा झाडून ठेवली होती. भानीबाय पाटावर टेकल्या, शेजारी निर्मलाला बसवलं आणि ओळीतल्या प्रत्येकीला नावाने हाक मारून सांगितलं, "ही माझी सून. निर्मला. बघून ठेवा." बायका उठून येत होत्या, भानीबायच्या गालावरून हात फिरवत होत्या. दमयंती तेवढी उठली नाही.

निर्मलाने वाटे लावले. हात नेटके चालत होते, मान खाली. पहिलं गिऱ्हाईक आलं, भानीबायची जुनी ओळखीची गुजराती बाई. तिने सवयीने भानीबायनाच विचारलं, "केम छो बेन? बहु दिवसांनी! पापलेट कसं दिलं?"

"मना नको इचारू. तिला इचार."

दुसरं आलं, तिसरं आलं. प्रत्येकाला भानीबाय तेच सांगत होत्या. तिला इचार. निर्मला पुटपुटत भाव सांगायची, गिऱ्हाईक "काय?" म्हणून वाकायचं, ती पुन्हा पुटपुटायची. पण विक्री होत गेली. दोन तासांत पापलेट गेलं, मांदेली गेली. मी मागे चपलांच्या दुकानाच्या पायरीवर बसून भानीबायच्या चेहऱ्याकडे बघत होते. जादाची गोळी एकदा देऊन झाली होती. कपाळावर घाम आला होता आणि ओठ घट्ट मिटले होते. मी जाऊन म्हटलं, "निघूया. छान झालं. सगळ्यांनी बघितलं."

"अजून नाय झालं."

अर्ध्या तासाने पुन्हा गेले. पुढ्यात फक्त बोंबलांचे दोन वाटे उरले होते. काशीबाईसुद्धा म्हणाल्या, "भानी, जा आता. पोरीची जागा झाली. मी हाय ना."

"अजून नाय झालं," त्या म्हणाल्या. बोटं पाटाच्या कडेत रुतली होती. आता कशासाठी थांबल्या आहेत, हे मला कळेना. रमेशने माझ्याकडे बघितलं. मी मनात ठरवलं, दहा मिनिटं, मग उचलून नेते.

तेवढ्यात दमयंतीने आपला क्रेट सरकवला. थोडासाच, वीतभर. त्यातलं बर्फाचं पाणी निर्मलाच्या वाट्यांखालून वाहायला लागलं. निर्मलाने आधी सासूकडे बघितलं. भानीबायनी मान फिरवली आणि रस्त्याकडे बघत राहिल्या. काशीबाईंचा पाय हलला, तसा भानीबायनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून तो दाबून धरला.

"मावशी, क्रेट मागं घ्या," निर्मला म्हणाली. तिच्या नेहमीच्या आवाजात. दमयंतीने ऐकलंच नाही, किंवा ऐकून क्रेट अजून दोन बोटं आत घेतला. पाणी बोंबलांपर्यंत आलं.

निर्मला उभी राहिली. पदर कमरेला खोचला.

"ए मावशी! मागं घे तो क्रेट! ही जागा माझी हाय. परत इकडं सरकवलीस ना, तर तुझ्या मासलीसकट उचलून रस्त्यावर ठेवीन!"

भाजीवाल्यांच्या ओळीपर्यंत माना वळल्या. दमयंती म्हणाली, "मोठी आली जागावाली! कालची पोर!" निर्मलाने तिला उत्तर दिलं, तिने परत दिलं, आणि दोघी हातवारे करत कचाकचा भांडू लागल्या. ओळीतल्या बाकीच्या बायका आपापल्या मासळीवर पाणी मारत बसून होत्या. कुणी मध्ये पडलं नाही. शेवटी दमयंतीने बडबडतच क्रेट मागे ओढला आणि निर्मला खाली बसून बोंबलांचे वाटे नव्याने लावायला लागली.

भानीबायनी काशीबाईंच्या गुडघ्यावरचा हात काढला. माझ्याकडे बघितलं. चेहरा दुखण्याने पांढरा पडला होता, आणि त्या हसत होत्या.

"झालं गो, डॉक्टरीण. भांडली. आता मना घरी ने."